येडशीच्या सहा कमानी आणि शकुंतलाबाई

प्रा. शकुंतलाबाई निरगुडे यांच्या साठाव्या वर्षानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी लिहावे, असे संपादकांचे पत्र आले. त्याला मी दोन आठवडे उत्तरच दिले नाही. बाईंविषयी लिहायचे तर पहिल्या भेटीपासून लिहावे लागते, आणि पहिल्या भेटीत मी त्यांच्याशी खोटे बोललो होतो. शेवटी बाईंनाच विचारले. त्या म्हणाल्या, "लिहा की. नुसती माझी स्तुती लिहिणार असाल तर मात्र नको." म्हणून हे लिहितो आहे.

बाई मूळच्या तुळजापूरच्या. वडील तिथेच शाळामास्तर होते. बाई हैदराबादला स्थापत्य शिकल्या आणि तिथेच शिकवू लागल्या. इमारतींचा इतिहास म्हटला की आपल्याकडे किल्ले, देवळे आणि लेणी एवढेच डोळ्यांपुढे येते. बाईंनी आयुष्य घातले ते वेगळ्याच कामात. स्वातंत्र्यानंतर आपल्या माणसांनी सिमेंट, विटा आणि मोजक्या लोखंडात बांधलेल्या शाळा, पाण्याच्या टाक्या, गोदामे, सूतगिरण्या, बसस्थानके यांची त्यांनी मोजमापे घेतली, नकाशे काढले, कोणी बांधल्या आणि कशा बांधल्या ते लिहून ठेवले. ज्या पाडायला निघाल्या होत्या त्यांच्यासाठी त्या दारोदार फिरल्या. "नळदुर्गचा किल्ला सोडून हे गोदाम काय बघताय?" हा प्रश्न मी त्यांना विचारला जाताना शेकडो वेळा ऐकला आहे. पहिल्यांदा तो मीच विचारला होता.

बहात्तरच्या दुष्काळाचा तो उन्हाळा होता. येडशी स्टेशनच्या अलीकडे आमच्या खरेदी-विक्री संघाचे मोठे गोदाम होते आणि मी संघाचा ओव्हरसियर होतो. वय सत्तावीस. आमच्या घरात महिन्याच्या पगारावर लागलेला मी पहिलाच माणूस. नेमणूक अजून कायम झालेली नव्हती.

गोदाम म्हणजे शेजारी शेजारी उभ्या सात कमानी. दहा-बारा वर्षांपूर्वी लोखंड मिळत नव्हते, तेव्हा कोण्या इंजिनिअरने विटा आणि सिमेंटचे पातळ कमानीचे छत रचून ते बांधले होते. वर तुळई नाही, मध्ये खांब नाही. प्रत्येक कमानीखाली एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत उंचावर तीन लोखंडी गज ताणलेले होते. कमान आपल्या वजनाने दोन्ही बाजूंच्या भिंती बाहेर ढकलत असते, आणि गज त्या धरून ठेवतात. हे मला तेव्हा माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही. मी ते शिकलो होतो.

दुष्काळी धान्याच्या रेल्वेवाघिणी येऊ लागल्या, तेव्हा पहिल्या कमानीत ट्रक आत घ्यायचे ठरले. पोत्यांनी भरलेला ट्रक गजांना अडू लागला. चेअरमन म्हणाले, "हे लोखंड कशाला लटकवलंय? काढून टाका." संघाचे जुने गवंडी रज्जाक मिस्त्री तिथे होते. त्या कमानी त्यांच्याच हाताने झाल्या होत्या. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "साब, ये गजां ऐसेच नै डाले. दोनों दिवालां को पकड के रखे." मी चेअरमनांकडे पाहिले. ते घड्याळ बघत होते. मी मिस्त्रींना म्हटले, कापा. तिन्हींपैकी दोन गज कापले, तिसरा मागच्या भिंतीजवळ होता तो राहिला. कामाच्या वहीत मी लिहिले, "निरुपयोगी लोखंड काढले," आणि खाली सही केली.

पुढे चार महिन्यांत काही झाले नाही. धान्य मागच्या सहा कमानींत गेले, ट्रक येणे थांबले. मग गोदामापासून हाकेच्या अंतरावर खडी फोडण्याचे काम सुरू झाले. वाशीकडच्या लांबच्या गावांतून आलेल्या चाळीसेक बाया आणि त्यांची तान्ही लेकरे रिकाम्या झालेल्या पहिल्या कमानीत राहू लागली. त्यांत माझी आई, सरूबाई, होती. मी तिला कामावर येऊ नको म्हणालो होतो. ती म्हणाली होती, "तुझ्या पगारात घरातली नऊ तोंडं भागत्यात व्हय?"

तेव्हापासून मला झोप लागेना. दिवसातून दोनदा मी काही ना काही निमित्त काढून पहिल्या कमानीत जात असे आणि वर पाहत असे. छताच्या माथ्यावर केसाएवढी एक रेघ दिसत होती. ती आधीपासून होती की नव्हती, हे मला आठवेना. मी स्वतःला सांगत राहिलो, आधीपासूनच होती.

अशा वेळी शकुंतलाबाई छोट्या आगगाडीतून येडशीला उतरल्या. पांढरे सुती लुगडे, खांद्याला कॅमेरा, पिशवीत टेप आणि ओळंबा. वय पंचेचाळीसच्या आसपास असेल. संघाला त्यांचे पत्र आले होते, पण कोणी ते गंभीरपणे घेतले नव्हते. मी त्यांना तो किल्ल्याचा प्रश्न विचारला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "किल्ल्याला बघणारे पुष्कळ आहेत. तुमच्या ह्या छताएवढं पातळ छत मी अख्ख्या मराठवाड्यात पाहिलं नाही. बांधणाऱ्याचं धाडस बघायला आलेय."

त्या सातव्या कमानीकडून मोजत आल्या. पहिल्या कमानीत शिरल्या आणि मान वर करून उभ्या राहिल्या. बाया त्यांच्याकडे कुतूहलाने पाहत होत्या. बाईंनी हळू आवाजात विचारले,

"सोनकांबळे, इथले दोन गज कुठं गेले?"

"पहिल्यापासूनच नव्हते," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. भिंतीतून बाहेर आलेल्या गजाच्या टोकाकडे पाहिले. त्यावर मी चुना लावून घेतला होता, तरी करवतीचा कट स्पष्ट दिसत होता. त्यांनी दोरीला वजन बांधलेला ओळंबा वरून सोडला आणि बाहेरची भिंत तपासली. ओळंबा भिंतीला टेकायला हवा होता, तो वरून खाली येता येता चार बोटे दूर राहिला. मग त्यांनी माझ्याकडून खिडकीच्या काचेचा एक तुकडा मागितला. शिडीवर चढून तो भेगेवर आडवा ठेवला, दोन्ही टोके सिमेंटने पक्की केली आणि त्यावर तारीख-वेळ लिहिली.

"हे कशाला?" आईने खालून विचारले.

"छत हलत असलं तर काच तडकंल, मावशी," बाई म्हणाल्या. "नसलं तर तशीच राहील."

त्या दिवशी मी त्या काचेकडे किती वेळा गेलो, हे मला सांगता येणार नाही. दर वेळी काच अखंड असे आणि माझा जीव भांड्यात पडे. पाच मिनिटांत मी पुन्हा तिथे असे. दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू व्हायच्या आत मी गेलो, तर काचेचे दोन तुकडे झाले होते आणि मधून पोस्टकार्ड सरकेल एवढी फट पडली होती. खाली धोंडाबाई नावाच्या बाईची लेक आपल्या दहा दिवसांच्या बाळाला पाजत बसली होती.

बाई माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनीही पाहिले. त्या तडक चेअरमनांच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग.

"ही कमान आत्ताच्या आत्ता रिकामी करा," त्या म्हणाल्या.

चेअरमन म्हणाले, "बाई, परवा साहेबलोक छावणी बघायला यायचेत. बायका उन्हात बसलेल्या दाखवू? आणि तुम्ही तर इमारती जपणाऱ्या. तुम्हीच म्हणताय पडणार?"

"पडणार असं मीच म्हणतेय."

"आमचे ओव्हरसियर आहेत की. सोनकांबळे, तुमचं काय मत?"

दोघेही माझ्याकडे पाहू लागले. भिंतीजवळच्या कपाटात ती कामाची वही होती. मी म्हणालो, "तसा धोका दिसत नाही."

हे मी लिहू शकतो आहे, कारण त्यानंतर घडले ते वेगळे घडले. नसते घडले, तर हा माणूस आज काही लिहायला उरला नसता.

खोलीतून निघून मी सरळ आईकडे गेलो. तिला बाजूला बोलावले आणि म्हटले, "आई, तू गावाकडं जा. आत्ता. इथं थांबू नगंस."

"का रं?"

"विचारू नगंस. छत बरं न्हाय."

आईने माझ्या तोंडाकडे पाहिले. ती दगड फोडणारी बाई, तिला फुटू घातलेली वस्तू ओळखता येत होती. म्हणाली, "मला एकटीलाच भाईर काढतूस व्हय? धोंडाच्या लेकीपाशी दहा दिसाचं लेकरू हाय. तिला कोन सांगनार? मला सांगतूस तर समद्यास्नी सांग. न्हायतर मला बी सांगू नगंस."

आणि ती पुन्हा आत जाऊन कमानीखाली बसली.

मी बाईंना शोधत गेलो. त्या बाहेर लिंबाखाली आपल्या वहीत भिंतीचा नकाशा काढत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सगळे सांगितले. गज कोणी कापायला लावले, मिस्त्रींनी काय सांगितले होते, वहीतली सही कोणाची. मला वाटले, त्या माझ्या तोंडावर थुंकतील. बाईंनी वही मिटली.

"आधी माणसं बाहेर," त्या म्हणाल्या. "बाकीचं नंतर बघू. चला."

आम्ही दोघे आत गेलो. मी बायांना सांगितले, छताचे गज माझ्या हुकमाने कापले आहेत, छत पडणार आहे, बाहेर चला. कोणी हलेना. बाहेर सकाळपासूनच ऊन मी म्हणत होते. शिवाय छावणी सोडली तर हजेरी कापतील, अशी धास्ती होती. एक बाई म्हणाली, "चेअरमन म्हनले, काई न्हाय व्हत." तेव्हा आई उठली. धोंडाबाईच्या लेकीचे बाळ तिने आपल्या पदरात घेतले, आणि चालू लागली. बाळाची आई धावतच तिच्या मागे गेली. मग धोंडाबाई. मग एकेक करत सगळ्या.

स्टेशनच्या फलाटावर सावली होती. तिथे त्या बसल्या. रज्जाक मिस्त्रींनी दोनदा डोकी मोजली. मग त्यांनी आणि मी पहिल्या कमानीचे दार तारेने बांधून टाकले.

आणि छत पडले नाही.

तो दिवस गेला. रात्र गेली. दुसरा दिवस उजाडला. चेअरमन स्टेशनवर आले आणि बायांसमोर मोठ्याने म्हणाले, "काय, पडलं का? एका काचेच्या तुकड्यावर तुमचा विश्वास आणि आमच्यावर नाही?" फलाटावर लेकरे उन्हाच्या झळांनी रडत होती. बाया माझ्याकडे रागाने पाहत होत्या. दुपारपर्यंत परत आत गेल्या नाहीत तर नावे कमी करू, असे चेअरमन सांगून गेले. दोन-तीन बाया गाठोडी बांधू लागल्या.

शकुंतलाबाई गोदामाच्या बंद दारासमोर, दहा-बारा पावलांवर, एका दगडावर बसून होत्या. मी जवळ गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "सोनकांबळे, मला फार भीती वाटतेय. पडली तर एवढी सुंदर कमान जाईल. नाही पडली तर ह्या बायका आत जातील, आणि मग पडेल."

मी म्हटले, "बाई, तुम्ही चुकल्या असाल तर?"

"तर मी चुकले म्हणून ह्या बायका जिवंत राहतील. ते चालंल मला."

दुपारी दोन-अडीचला आधी एक आवाज झाला. सुकलेली फांदी मोडावी तसा. राहिलेला तिसरा गज तुटला होता. मग बाहेरची भिंत सावकाश, अगदी सावकाश, बाहेरच्या अंगाला झुकली आणि वरची अख्खी कमान एकदम खाली बसली. धुळीत काहीच दिसेना. जमीन हलली ती स्टेशनपर्यंत जाणवली, असे आईने नंतर सांगितले. धुळीतून मी ओरडत राहिलो, "कोणी आत होतं का? कोणी आत होतं का?" मिस्त्री फलाटावर पुन्हा डोकी मोजत धावत होते. सगळ्या होत्या. बाळ होते. बाई दगडाजवळच उभ्या होत्या, केस धुळीने पांढरेफटक झालेले. त्या रडत होत्या, आणि त्या का रडत होत्या हे मी आजवर विचारलेले नाही.

फलाटावर गेलो, तर आईने माझ्या मुस्काटात दिली. सगळ्यांसमोर. मग मला जवळ घेतले.

इथे बाईंच्या कामाची खरी परीक्षा सुरू झाली. दुसऱ्याच आठवड्यात चेअरमनांनी ठराव मांडला की, ही इमारतच धोकादायक आहे, उरलेल्या सहाही कमानी पाडून तिथे दुकानांचे गाळे काढावेत. बाईंच्याच शब्दांचा आधार त्यांनी घेतला. तालुक्यात सगळे म्हणू लागले की ते पातळ छत पहिल्यापासूनच फसवे होते. बाईंनी आठ दिवस राहून सहा कमानी बोटाबोटाने तपासल्या. एकही भेग नव्हती, सगळे गज ताठ होते. त्यांनी अहवाल लिहिला: इमारत निर्दोष आहे, पहिल्या कमानीचे गज कापले गेल्यामुळे ती पडली.

"कापले गेले" एवढेच. कोणी, ते लिहिलेच नव्हते. मी विचारले, "माझं नाव का नाही?"

त्या म्हणाल्या, "तुमचं नाव लिहायचा अधिकार माझा नाही. तुमचा आहे."

त्यांनी मला कधीही, एका शब्दानेही, साक्ष द्या असे सांगितले नाही. सांगितले असते तर बरे झाले असते, असे त्या दिवसांत वाटे. चेअरमनांचा निरोप आला होता, तोंड बंद ठेवलेस तर कायमची ऑर्डर पुढच्या महिन्यात. घरी लहान बहिणी होत्या.

सर्वसाधारण सभेत तीनशे माणसे होती. बाईंचा अहवाल वाचला गेला तेव्हा कोणीतरी ओरडले, "गज कापलेच नव्हते! ह्या बाई बाहेरच्या, त्यांना काय माहीत?" मी उठलो. पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभा राहिलो. म्हणालो, "गज होते. चेअरमनसाहेबांनी काढायला सांगितले, मिस्त्रींनी नको म्हटले, मी कापायला लावले. वहीत माझी सही आहे. वही आणा." वही आणावी लागली. मागून रज्जाक मिस्त्री उठले आणि म्हणाले, "मै काट्या. मेरे हाथ से बनायेलां, मेरे हाथ से काट्या." तेवढेच बोलून ते बसले, आणि त्यांनी डोके गुडघ्यात घातले.

ठराव बारगळला. माझी नोकरी गेली. त्या सहा कमानी आजही उभ्या आहेत. पडलेल्या बाजूला मिस्त्रींनी दगडी टेकूची भिंत स्वतः बांधून दिली. आज तिथे बियाणे साठवतात.

नोकरी गेल्याच्या चौथ्या दिवशी बाईंचे पत्र आले. "मला नकाशे काढणारा माणूस हवा आहे. गजाची किंमत ज्याला कळली असा." त्या दिवसापासून आजपर्यंत मी त्यांच्याबरोबर आहे. पहिली दोन वर्षे त्यांनी मला रेघ ओढायला शिकवले. चुकीची रेघ खोडू देत नसत. शेजारी बरोबर रेघ काढायला लावत, म्हणजे चूकही कागदावर राही.

सत्तर-ऐंशीच्या दरम्यान आपल्या भागात सहकारी संस्था वाढल्या, आणि त्यांच्या इमारती जेवढ्या भराभर उभ्या राहिल्या तेवढ्याच भराभर पाडल्या जाऊ लागल्या. सगळ्या वाचल्या नाहीत. एका गावी सिनेमागृहाचा गोल जिना आम्ही मोजत असताना दुसऱ्या बाजूने पाडायला सुरुवात झाली होती. बाई मोजत राहिल्या. म्हणाल्या, "निदान कागदावर तरी पूर्ण राहू दे." वाशीजवळच्या आमच्या वस्तीत लोकांनी अंगमेहनतीने बांधलेला छोटा विहार आहे. काँक्रीटचा घुमट, ओबडधोबड. मला तो दाखवायची लाज वाटत होती. बाईंनी तिथे तीन दिवस काढले, घमेली वाहिलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याचे नाव विचारून लिहून घेतले, आणि त्यांच्या ग्रंथात त्या विहाराला मोठमोठ्या इमारतींइतकीच पाने दिली. ते पुस्तक आले तेव्हा वस्तीतल्या ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनीही आपले नाव कुठे आहे ते बोट ठेवून पाहिले.

कोणत्याही इमारतीत शिरताना बाई आधी विचारतात, "वर कोण राहतं? खाली कोण बसतं?" छताकडे त्या नंतर पाहतात. पुष्कळ तज्ज्ञ मी पाहिले, ते निर्भय होते. बाई भितात. दर वेळी भितात, आणि ते लपवत नाहीत. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या आम्हा सगळ्यांना त्यांनी हीच एक गोष्ट पक्की शिकवली आहे.

आई तीन वर्षांपूर्वी गेली. आजारपणात बाई हैदराबादहून येऊन तिच्या उशाशी आठ दिवस बसल्या. त्या दोघी काय बोलत असत, मला ठाऊक नाही. मी आत गेलो की गप्प होत.

गेल्या पावसाळ्यात बाईंच्या छातीत कळ आली. हैदराबादच्या दवाखान्यात काचेच्या दाराबाहेर मी दोन दिवस उभा होतो. येडशीच्या त्या दोन दिवसांनंतर इतका मी कधीच भ्यालो नव्हतो. शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारले ते एका बसस्थानकाबद्दल, पाडायची तारीख ठरली का म्हणून.

डॉक्टरांनी आता त्यांना जिने चढायला सक्त मनाई केली आहे. पुढच्या महिन्यात आम्हाला एका उंच पाण्याच्या टाकीचे मोजमाप घ्यायचे आहे. बाई येणारच आहेत. ठरले असे आहे की त्यांनी खाली सावलीत खुर्ची टाकून बसावे, मी वर चढून मापे ओरडून सांगावीत आणि त्यांनी ती लिहून घ्यावीत. अशा पुष्कळ टाक्या अजून मोजायच्या राहिल्या आहेत. बाईंना उदंड आयुष्य लाभो, त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, आणि मी जेव्हा जेव्हा वरून खाली वाकून आकडा सांगेन, तेव्हा तेव्हा खालून त्यांचा आवाज यावा, "पुन्हा सांगा सोनकांबळे, नीट ऐकू आलं नाही."